सुरम्याच्या पानावरची बकरी

पडद्यावर माणूस बोलत असतो आणि खाली अक्षरांची एक पट्टी उमटते. ती पट्टी कोणीतरी बसून लिहितं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. माझ्या मावशीला अजूनही वाटतं की ती आपोआप येते. मी तिचं मत खोडून काढलेलं नाही, कारण त्यासाठी बोलावं लागेल, आणि फार बोलावं लागू नये म्हणूनच मी हे काम धरलं आहे.

मी सबटायटल्स लिहिते. हिंदी, उर्दू मालिकांचे संवाद ऐकून ते मराठीत किंवा इंग्रजीत उतरवते. कानावर हेडफोन चढवला की कोणी आपल्याशी बोलायला येत नाही, हा या धंद्याचा पहिला फायदा. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची होती. मराठी घरी शिकले, आणि एकोणसाठ की एकोणसत्तर, हा घोटाळा आजही होतो. पण कान चांगला आहे. माणूस कुठे थांबला, कुठे आवंढा गिळला, कुठे खोटं बोलला, हे मला बसल्या जागी कळतं. ते कळल्याचं चेहऱ्यावर दाखवायचं नाही, हेही मला जमतं.

धंद्याचा नियम एकच. माणूस जे बोलला तेच लिहायचं. जागा अपुरी पडली तर आखडतं घ्यायचं, पण पदरचं घालायचं नाही. या नियमापायी मी गिऱ्हाइकंही घालवली आहेत. नामपूरच्या एका कांदा व्यापाऱ्याने वडिलांच्या पंचाहत्तरीची फिल्म करून घेतली होती. त्यात म्हातारबाबा जावयाच्या खांद्यावर हात ठेवून अहिराणीत छान म्हणतात, "मना जवाई लबाड शे, पन मानूस चांगला शे." मी तेच मराठीत लिहिलं. व्यापाऱ्याचा फोन आला.

"ताई, ते लबाड काढा. जावई देवमाणूस आहे, असं टाका."

"पण ते लबाड म्हणालेत."

"म्हणाले हो. पण त्यांना म्हणायचं नव्हतं ना!"

मी काढलं नाही. फिल्म दुसरीकडे गेली, आणि तिथे जावई देवमाणूस झाला. मला या गोष्टीचा अभिमान होता. होता, असं म्हणते, कारण त्यानंतर पाठककाका आले आणि त्यांनी मला मुस्तकीम सरांच्या घरी धाडलं.

पाठककाका म्हणजे आमच्या इमारतीतले निवृत्त गृहस्थ. पुढच्या खोलीत ते छोटी प्रकाशन संस्था चालवतात. बारा महिने खादीचं बिनबाह्यांचं जाकीट घालतात आणि प्रत्येक वाक्य प्रस्तावनेसारखं बोलतात. त्यांना जुन्या नाशकातल्या एका उर्दू कथाकाराच्या सात कथा मराठीत आणायच्या होत्या. हे कथाकार म्हणजे मुस्तकीम सर. वय पंच्याऐंशीच्या पुढे, जन्मभर उर्दू शाळेत मास्तरकी केलेली, पन्नासेक कथा लिहिलेल्या, आणि शहरात त्या वाचलेला मराठी माणूस एकही नाही.

"पण काका, मला उर्दू वाचता येत नाही," मी म्हणाले.

"ऐकता येतं ना? सरांची नजर गेली आहे. त्यांच्या पत्नी वाचतील. तू रेकॉर्ड कर आणि घरी बसून मराठी कर. आणि हो, त्यांचं आयुष्यही विचार. फाळणी, स्थलांतर, रेल्वे. रेल्वे मला पाहिजेच."

सरांचं घर दूध बाजाराच्या मागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर आहे. तळमजल्यावर ब्रास बँडचं दुकान. लग्नसराई असो नसो, तिथे कोणीतरी कर्णा फुंकून बघत असतं. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये कथेतल्या बाईचा नवरा मरतो आणि पाठीमागे वरातीची धून वाजते, असं दोनदा झालं आहे.

पहिल्याच दिवशी सरांच्या पत्नी, रुकय्या खाला, यांनी दार उघडून मला आपादमस्तक न्याहाळलं.

"तू रेकॉर्डवाली? बोलती नाही क्या?"

मी मान हलवली.

"अच्छा है. या घरात बोलणारे बहुत आहेत."

दोनच माणसं होती. पण त्यांचं खरं होतं.

खाला ठेंगण्या, सुती साडी, डोळ्यांवर काचा जाड. सर खिडकीशी खुर्चीत बसून अडकित्त्याने सुपारी कातरत असायचे. दिसत नसताना ते इतकी बारीक कशी कातरतात, हे बघताना माझ्या बोटांना घाम यायचा. ऐकूही कमी यायला लागलं होतं. "आँखें गई, आता कान बिस्तरा बांधतायत," असं ते हसत सांगत. डॉक्टरांनी म्हटलं होतं की उरलेलं ऐकू येणं फार काळ टिकणार नाही. म्हणून त्यांची एकच घाई होती. मराठी पुस्तक व्हावं, आणि चार मराठी माणसांत बसून आपली कथा मराठीत एकदा कानावर पडावी. ते म्हणत, "ज्या गावात जन्म काढला, त्या गावाला माहीतच नाही मी काय करत होतो. शेजारच्या भांडीवाल्याला वाटतं मी ट्यूशन घेतो."

मी काकांच्या यादीप्रमाणे विचारलं, "सर, फाळणीत तुम्ही काय पाहिलंत?"

"मनमाड," सर म्हणाले.

"आणि मग?"

"मग परत नाशिक."

मी थांबले. थांबलं की लोक बोलतात, हे मला कामातून कळलं आहे. सर सुपारी तोंडात टाकून बोलू लागले. त्यांचे थोरले भाऊ हनीफभाई कराचीला निघाले तेव्हा आपल्या चुलत्यांकडे, मनमाडच्या काकांकडे राहिले होते. निरोप द्यायला छोटे मुस्तकीम वडिलांबरोबर मनमाडपर्यंत गेले. भावाने स्टेशनवर पुरीभाजी घेऊन दिली. गाडी मुंबईला गेली, पुढे बोटीने हनीफभाई पार. ईदला येतो म्हणाले होते. त्यानंतर काहीच कळलं नाही.

"दंगल?" मी यादीकडे बघून विचारलं.

"भाजी तिखट होती," सर म्हणाले.

पुढे त्यांनी मला जे सांगितलं ते काकांच्या यादीत बसत नव्हतं. सरांची कथा म्हणजे न गेलेल्या माणसांची कथा. गेलेल्यांवर सगळ्यांनी लिहिलं, पण मागे राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेला तेव्हा दूधवाल्याशी काय बोलला, हे कोणी लिहिलं नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी तेच लिहिलं. दिल्लीचे, लखनौचे संपादक कथा परत पाठवायचे. एकाने कळवलं होतं, भाषा उत्तम, पण यात आग कुठे आहे? दुसऱ्याला गोष्टीत रेल्वे हवी होती.

"म्हणजे पाठककाका पहिले नाहीत," मी म्हणाले.

"तुझे काका खानदानी आहेत," सर म्हणाले आणि खाला तोंडाला पदर लावून हसल्या.

गोष्ट सांगायला ते दोन माणसांकडून शिकले. एक, गोदाकाठावर कीर्तन करणारे एक बुवा. लहानपणी सर पारापासून जरा लांब उभे राहून ऐकत. बुवा ऐन रंगात गोष्ट थांबवायचे, उपरणं झटकायचे, टाळवाल्याची थट्टा करायचे, आणि राजा तिकडे तलवार उगारून तसाच उभा. सर म्हणाले, "गोष्ट कुठे थांबवायची, हे मी त्या बुवांचं उचललं. त्यांना पत्ता नाही."

दुसरी त्यांची आई. हनीफभाई गेल्यावर ती रोज सांगायची की तो तिकडे आज काय करतो आहे. सोमवारी तो शिंपी असायचा, बुधवारी त्याचं हॉटेल निघायचं. एकदा त्याने अशा बाईशी लग्न केलं की तिला डाळ करता येत नव्हती, आणि गल्लीतल्या बायका त्या न पाहिलेल्या सुनेला आठवडाभर नावं ठेवत होत्या. दुसऱ्या आठवड्यात आईने ती सून बदलली.

असं करत सहा कथा झाल्या. खाला जुन्या मासिकातून वाचायच्या, मी मांडीवर फोन ठेवून रेकॉर्ड करायची, सर ऐकायचे आणि मधेच "आगे पढो" म्हणायचे. वाचताना खाला थांबल्या की त्यांची मान सुपारीवरून वर यायची. मला तेव्हा वाटलं, स्वतःचंच लिहिलेलं माणूस किती उत्सुकतेने ऐकतो.

सातवी कथा 'एक बाही'. पुस्तकाचं नावही तेच ठरलं होतं, मुखपृष्ठ तयार होतं. गोष्ट साधी आहे. रहमत नावाचा शिंपी धाकट्या भावाच्या लग्नासाठी शेरवानी शिवत असतो. एक बाही लागते, दुसरी लागायची असते, आणि भाऊ लग्न टाकून बोटीने निघून जातो. रहमत ती शेरवानी तशीच दुकानात टांगून ठेवतो. वर्षं जातात. गिऱ्हाइकं विचारतात, ही कोणाची? तो म्हणतो, माप घेतलंय, माणूस येईल. मग शेवट. एका सकाळी दुकानाचं फळकूट अर्धंच उघडं दिसतं. शेजारी आत डोकावतात. रहमत शेरवानी पांघरून निजलेला, कायमचा, आणि त्याचा एक हात त्या एका बाहीत.

मी सर्दी झाल्याचं नाटक केलं. खालांनी रुमाल पुढे केला.

घरी येऊन बघते तर फोनची जागा भरलेली. रेकॉर्डिंग गिऱ्हाइकांच्या प्रश्नापर्यंतच होतं, शेवट नव्हता. पाठ झाल्यासारखा तो मला आठवत होता, पण आठवणीतून लिहिणं नियमात बसत नाही. मी परत गेले.

बकरी ईद जवळ आली होती आणि जिन्याच्या वरच्या पायरीला एक बकरी बांधली होती. तिने माझ्या हेडफोनचा फोम खाल्ला. मी काही बोलले नाही, तीही नाही.

"खाला, फक्त शेवट परत वाचाल?"

खालांनी मासिक उघडलं, पान उलटलं, काचा पुसल्या आणि वाचू लागल्या. रहमत दुपारच्या नमाजाला जातो. बाहेर कोणाची तरी बकरी सुटते. ती दुकानात शिरते, सगळं रेशीम, सगळी मखमल सोडून नेमकी शेरवानीची ती एक बाही खाते. रहमत परत येतो, बघतो, डोक्याला हात लावतो. मग म्हणतो, चला, आता दोन्ही बाजू सारख्या झाल्या. आणि तीस वर्षांत पहिल्यांदा शेरवानीसाठी दुसऱ्या कोणाचं माप घेतो.

मी रेकॉर्डिंग थांबवलं.

"खाला, परवा तर तो मेला होता."

"अरे?" खाला मासिक मिटत म्हणाल्या. "मग आज जगला. अच्छा हुआ ना?"

खिडकीशी अडकित्ता थांबला होता. सरांच्या खांद्यांवरून दिसत होतं की ते हसू दाबतायत.

माझा स्वभाव असा की मी भांडत नाही, पुन्हा येते. दोन दिवसांनी पुन्हा गेले. काहीतरी आवाजाचं कारण सांगितलं. या वेळी बकरीने माझी नेहमीची खुर्ची अडवली होती, म्हणून मी खालांच्या शेजारी पलंगावर बसले. खाली कोणीतरी कर्णा घासूनपुसून एकच सूर लावत होतं. खाला वाचू लागल्या आणि गोष्टीत एक बँडवाला आला. त्याचा हात अपघातात गेलेला, त्याला एकाच बाहीचा कोट हवा होता. मी सहज पानाकडे पाहिलं.

मला उर्दू अक्षर येत नाही. पण सुरम्याची जाहिरात बघितली की ती सुरम्याची जाहिरात आहे हे कळायला अक्षर लागत नाही. पानभर एक मोठा डोळा होता. लांब पापण्या, खाली कुपी, कुपीत काडी. खालांचं बोट त्या पापणीवरून उजवीकडून डावीकडे सरकत होतं आणि बँडवाला शेरवानी घालून वरातीत चालला होता.

मी हळूच बोट त्या डोळ्यावर ठेवलं.

खाला थांबल्या. खोलीत फक्त कर्णा.

"क्या हुआ?" सरांनी विचारलं.

"पकडी गई," खाला म्हणाल्या.

"कोण?"

"मी! अजून कोण? तुमची बकरी?"

सर इतके हसले की सुपारी घशात गेली आणि पाणी आणावं लागलं. मग दोघांनी मिळून, एकमेकांची वाक्यं तोडत, मला सगळं सांगितलं. त्या काळी उर्दू मासिकं छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांनी जुळवत नसत. कातिब नावाचा माणूस सगळा मजकूर बोरूने सुंदर अक्षरात लिहून काढायचा आणि त्यावरून छपाई व्हायची. कातिबाचं पान भरलं की भरलं. उरलेली गोष्ट पुढच्या अंकात. 'एक बाही'चं तेच झालं. शेवटचं दीड पान मावलं नाही, कातिबाने खाली 'बाक़ी आइंदा' लिहिलं, आणि संपादकाला सुरम्याची जाहिरात आधीच मिळाली होती. पुढचा अंक निघालाच नाही. मासिक बंद पडलं, कातिब गाव सोडून गेला, सरांची एकमेव हस्तलिखित प्रत त्याच्याकडे.

"पण सर, तुम्हीच लिहिलं होतं. आठवत असेल ना?"

"नाही," सर म्हणाले. "खरंच नाही. आधी वाटलं, आठवेल. मग बेगमने एक दिवस गंमत म्हणून काहीतरी वाचलं. मग मी आठवायचं सोडून दिलं."

तेव्हापासून खाला शेवट वाचत आल्या आहेत. घरात आलेली पाहुणी, गल्लीतलं भांडण, बकरी, कर्णा, जे हाताला लागेल ते शेवटात जातं.

मला एकदम आधीची रेकॉर्डिंगं आठवली. "खाला, बाकीच्या सहा कथा?"

"त्या जशा छापल्या तशाच."

"नक्की?"

खालांनी जरा विचार केला. "तकरीबन."

मी आठवडाभर हेडफोन लावून बसले आणि 'तकरीबन', म्हणजे जवळजवळ, या गोष्टीचा विचार करत राहिले.

शेवटी नियमाप्रमाणे मी पाठककाकांना खरं सांगितलं. कथेला शेवट नाही, तीन आहेत, आणि त्यातला एकही छापील नाही. काका जाकिटाच्या खिशात दोन्ही हात घालून येरझाऱ्या घालू लागले.

"पुस्तकाचं नाव 'एक बाही' आहे. मुखपृष्ठावर बाही आहे. आणि तू म्हणतेस शेवट नाही! कोणते तीन, सांग."

मी सांगितले.

"बकरी?" काका थांबले. "फाळणीच्या कथेत बकरी? मृण्मयी, लोक काय म्हणतील? तो मरतो तो घे. काय करुण आहे! हात बाहीत. वा! आणि रेल्वे नाहीच म्हणतेस?"

"भाजी आहे," मी म्हणाले. पण ते ऐकत नव्हते.

मी म्हटलं, शेवटाशिवायच छापू या, जसं मासिकात आलं तसं. काका म्हणाले, वाचक पैसे परत मागेल. एक तर तो मरतो असं छापायचं, नाही तर पुस्तक नाही. पुढच्या वर्षी बघू.

पुढच्या वर्षी सरांना ऐकू येणार नव्हतं. हे काकांना ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्यांना मुखपृष्ठाची काळजी होती.

काकांचं म्हणणं घेऊन मी सरांकडे गेले. ईद होऊन गेली होती आणि जिना मोकळा होता. मी विचारलं नाही. खालांनी चहा ठेवला. सरांनी सगळं ऐकून घेतलं, अडकित्ता मिटून खिडकीत ठेवला.

"बेगम, तू दुसरा एखादा सांग. काकांना आवडेल असा. मरणार नाही असा."

खालांनी मासिक उघडलं. डोळ्यावर बोट ठेवलं. मी फोन चालू केला. बोट पापणीच्या टोकापर्यंत गेलं आणि परत आलं.

"छापायचं म्हटलं की जमत नाही हो," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "रोज बदलायची सवय. एकच, कायमचा, नाही येत."

मग सरांनी मला आईची राहिलेली गोष्ट सांगितली. हनीफभाई गेल्यावर काही वर्षांनी मनमाडचे काका घरी आले होते. आल्या आल्या टोपी काढून म्हणाले, भाभी, हनीफची खबर आली आहे. आई म्हणाली, आधी चहा घ्या. चहा झाला. काकांनी पुन्हा तोंड उघडलं. आई म्हणाली, भजी घ्या. मग जेवण. मग पान. काका संध्याकाळच्या गाडीने परत गेले, खबर तशीच घेऊन. पुन्हा त्यांना कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी आईने सांगितलं की हनीफ जाड झाला आहे आणि त्याला नवे कपडे शिवावे लागतायत.

"माझ्या गोष्टीतला भाऊ काय आणि शिंपी काय," सर म्हणाले, "माझ्यासाठी एकच. काकांना चहा पाजून पाजून एवढी वर्षं परत पाठवलं. आता तुझे काका आले, तीच खबर घेऊन." ते हसले, पण अडकित्ता उचलला नाही. "ठीक आहे. छापू दे. मराठीत ऐकायचं तर आहे."

मी मेलेला रहमत मराठीत लिहिला. चांगला लिहिला, असं काका म्हणाले. मला त्या पानांचा राग येत होता.

प्रकाशन एका दुपारी छोट्या सभागृहात झालं. पन्नासेक माणसं होती. भांडीवाले शेजारी आले होते, बँडवाले आले होते, काकांचे निवृत्त मित्र आले होते. वाचायला रेडिओवरच्या कोणी बाई यायच्या होत्या. काका ऐनवेळी म्हणाले, "अनुवादिकेनेच वाचावं. तसं जास्त शोभेल." मी नाही म्हणाले, पण ते इतक्या हळू म्हणाले की मलाच ऐकू आलं.

सर पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत. हाताचा द्रोण कानामागे. शेजारी खाला, जरीकाठाच्या साडीत. त्यांच्या पलीकडे पाठककाका, नवं जाकीट, मांडीवर पुस्तक उघडं. ते ओळींवर बोट ठेवून मी बरोबर वाचते की नाही बघत होते.

मी वाचू लागले. आवाज आधी माझा वाटेना. मग सर ज्या ठिकाणी मान वर करायचे त्या ठिकाणी त्यांची मान वर आली, आणि मला जरा बरं वाटलं. भाऊ बोटीने गेला. शेरवानी टांगली गेली. वर्षं गेली. गिऱ्हाइकांनी विचारलं, ही कोणाची? रहमत म्हणाला, माप घेतलंय, माणूस येईल.

मी पान उलटलं. समोर अर्धं उघडं फळकूट होतं. मी वर पाहिलं. सरांनी हाताचा द्रोण कानाला घट्ट केला होता आणि डोळे मिटून घेतले होते. दारात टोपी काढून उभ्या असलेल्या माणसाने तोंड उघडायची वाट बघावी, तसे.

माझ्या तोंडून आलं, "तेवढ्यात दुकानात एक गृहस्थ आले."

काकांचं बोट पानावर थांबलं.

"गृहस्थ मोठे शिकलेले. अंगात खादीचं जाकीट. बिनबाह्यांचं." मागे कोणीतरी खुदकन हसलं. मी पुस्तकातच बघत होते, जणू तिथे सगळं लिहिलं आहे. माझं बोटही एका ओळीवरून सरकत होतं. "त्यांनी टांगलेली शेरवानी पुढून पाहिली, मागून पाहिली. रहमत म्हणाला, साहेब, हिला एक बाही कमी आहे. गृहस्थांनी स्वतःच्या दोन्ही खांद्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, कमी कुठे? एक जास्तच आहे की!"

सभागृह हसलं. काकांनी पान उलटलं, पुन्हा मागे आणलं, पुस्तक जरा लांब धरलं, चष्मा वर केला.

"रहमतने आयुष्यभर ती शेरवानी एका बाजूने बघितली होती. त्याने गृहस्थांना बसायला सांगितलं आणि चहा मागवला. चहा झाल्यावर दुसरा मागवला. गृहस्थांना काहीतरी महत्त्वाचं सांगायचं होतं, पण रहमतने त्यांचं माप घ्यायला सुरुवात केली होती, आणि माप घेताना हलायचं नसतं, बोलायचं नसतं." इथे मला थांबावंसं वाटलं. गोष्ट कुठे थांबवायची, ते मी कुठून उचललं हे सांगायला नको. मी पुस्तक मिटलं.

क्षणभर कोणाला कळेना की संपलं की नाही. मग पहिल्या रांगेतून खणखणीत, ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात आलं, "वाह! आगे पढो!"

"पुढे काही नाही, सर," मी माइकवरून म्हणाले.

"माहीत आहे!" सर ओरडले. "तरी पढो!"

टाळ्या झाल्या. बँडवाल्यांनी शिट्ट्याही मारल्या. मी खाली उतरले. नियम मोडल्याचं मला वाईट वाटायला हवं होतं. नामपूरच्या व्यापाऱ्याला फोन करून तुमचं बरोबर होतं म्हणावं, असं मनात आलं. केला नाही. तेवढी माझी सुधारणा झालेली नाही.

चहाच्या टेबलापाशी पाठककाका पुस्तक उघडं धरून आले. त्यांनी शेवटची पानं एकदा पुढून, एकदा मागून तपासली होती. मला वाटलं आता रागावतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घरात ठेवलेली वस्तू जागेवर नसावी, तसे ते बुचकळ्यात पडले होते.

"मृण्मयी, ते जाकीटवालं... फार छान होतं. पण मला सापडत नाही. कितव्या पानावर आहे?"

खाला मधे आल्या, काकांच्या हातातून पुस्तक घेतलं, मिटलं आणि त्यांच्या हातात चहाचा कप दिला.

"सुरम्याच्या पानावर बघा, भाईसाहब," त्या म्हणाल्या. "आधी चहा घ्या."